खाली बसलेला अँटेना

चेन्नईला बदली होऊन आलो त्याला तेव्हा चार महिने झाले असतील. एका शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा आवाज म्हातारा पण खणखणीत होता, आणि बोलणं मराठीत होतं. हे मराठी पुण्याचं नव्हतं, कोल्हापूरचं नव्हतं, नागपूरचं तर नव्हतंच. शब्द ओळखीचे, चाल तमिळ.

"तू सिग्नल्सचा ना? मग एक अँटेना बघून जा. गाडीचा आहे."

अशी कर्नलसाहेबांची ओळख झाली. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. तंजावरकडचं मराठी घराणं. पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात दक्षिणेत उतरलेले. साडेतीनशे वर्षं होत आली तरी घरात अजून मराठी बोलतात. १९७० चं कमिशन, कोअर ऑफ सिग्नल्स, त्यामुळे माझ्याशी नातं दुहेरी. तिरुवान्मियूरला समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर त्यांचं घर आहे, आणि घरामागच्या शेडमध्ये एक पांढरी काँटेसा क्लासिक उभी असते.

माझ्या वयाच्या वाचकांना काँटेसा आठवत असेल. रस्त्यावर कमी आणि हिंदी सिनेमात जास्त दिसायची. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये बाजारात आणली. मूळ गाडी इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉलची व्हिक्टर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. तिकडे तिचे दिवस संपल्यावर साचे इकडे आले आणि कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात गाडी बनू लागली. सुरुवातीला आत अँबॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. एवढ्या मोठ्या देहाला ते पुरत नसे. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडीच्या नावापुढे 'क्लासिक' लागलं. कर्नलसाहेबांनी ही गाडी १९९२ मध्ये डीएसओपी फंडातून पैसे काढून घेतली. लगेच माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर जाऊन तिच्यात कॅसेट-रेडिओ आणि पॉवर अँटेना बसवून घेतला. गाडीच्या सामानाचं ते मोठं मार्केट, आजही आहे.

पॉवर अँटेना म्हणजे काय, हे तरुण वाचकांसाठी सांगतो. रेडिओचं बटण दाबलं की मडगार्डमधून घर्र आवाज करत चकचकीत दांडी वर यायची. एकातून एक नळी निघत ती जवळजवळ छातीपर्यंत उंच व्हायची. रेडिओ बंद केला की तशीच आत जायची, आणि मडगार्डवर फक्त एक गोल टोपी उरायची. नव्वदच्या दशकात लग्नाच्या वरातीत अशी गाडी आली की पोरं नवरदेवाला सोडून अँटेना बघत.

कर्नलसाहेबांचा अँटेना खाली बसला होता तो कायमचा. रेडिओ लावला तर मडगार्डच्या आतून एकदा 'टक' व्हायचं आणि पुढे काही नाही. त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकने सल्ला दिला होता की तो काढून टाका, भोक बुजवून रंग मारू, छपरावर रबरी चिकटवू. मुलगा परदेशात. त्याचं म्हणणं, रेडिओ हवाच कशाला, फोनवर जगातली सगळी स्टेशनं लागतात.

"फोनवर लागतात," साहेब म्हणाले, "टॉवर उभा असेपर्यंत."

मग त्यांनी डिसेंबर २०१५ ची गोष्ट सांगितली. त्या पुरात चेन्नईचा मोठा भाग पाण्याखाली गेला. बऱ्याच भागात वीज गेली, मोबाईल बंद पडले. साहेबांच्या घरात पाणी शिरलं नाही, पण दोन दिवस बाहेरच्या जगाचा पत्ता नव्हता. घरातल्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले, दुकानं बंद. दुसऱ्या रात्री साहेब आणि त्यांच्या पत्नी शेडमध्ये गाडीत जाऊन बसले. बॅटरी चांगली होती. बहीण अड्यार नदीच्या काठाला राहत होती, आणि नदीला किती पाणी आलंय एवढंच त्यांना ऐकायचं होतं. रेडिओ लावला. 'टक'. नंतर नुसती खरखर.

"बहीण वाचली," साहेब म्हणाले. "पण ती रात्र हिने गाडीत बसून काढली. मी सिग्नल्सचा माणूस, आणि माझ्या घरात संपर्क नव्हता."

पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. गाडी मात्र साहेब दर रविवारी दहा मिनिटं चालू करत आले आहेत. इंजिन, पाणी, ऑइल, टायरची हवा, सगळं एका वहीत लिहिलेलं. त्या वहीत रेडिओचा रकाना नव्हता. आता ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू व्हायच्या आधी अँटेना वर आला पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता. माझ्या हातात तीन आठवडे होते.

* * *

दुरुस्तीकडे वळण्याआधी ही दांडी मडगार्डवर कशी येऊन पोहोचली ते सांगतो, कारण तिच्या आजाराचं मूळ त्या इतिहासात आहे.

गाडीत रेडिओ बसवण्याचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९३० मध्ये, शिकागोत. पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने गाडीसाठी परवडेल असा रेडिओ काढला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. मोटार आणि आवाज यांची सांगड घालणारं ते नाव इतकं चाललं की १९४७ मध्ये कंपनीनेच ते घेतलं. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा गाडीतला रेडिओ आला.

पहिली अडचण आवाजाची होती. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं. मार्कोनीचे सुरुवातीचे ट्रान्समीटरही ठिणगीवरच चालत. म्हणजे प्रत्येक पेट्रोल गाडी हा स्वतःच एक छोटा, बेशिस्त ट्रान्समीटर आहे, आणि त्याच्याच उशाशी बसून दूरचं गाणं ऐकायचं. म्हणून प्लगच्या तारांवर रोधक बसवावे लागत.

दुसरी अडचण अँटेनाची. त्या काळच्या बंद गाड्यांच्या छपराचा मधला भाग कापडी असे. त्या कापडाखाली तारेची जाळी घातली की झाला अँटेना. कोणाला दिसत नाही, पावसात भिजत नाही. मग १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणलं, आणि लवकरच सगळ्यांनी तेच केलं. पोलादाखाली जाळी घालून उपयोग नाही, लहरी आत येतच नाहीत. तेव्हा अँटेना फूटबोर्डच्या खाली गेला, रस्त्यापासून वीतभर अंतरावर. चिखल, दगड, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, सगळं त्याच्यावर. गंजलेल्या अँटेनाची कहाणी तिथून सुरू होते.

शेवटी तो वर आला, मडगार्डवर किंवा काचेच्या बाजूला, उभी दांडी म्हणून. रेडिओच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली जागा. पण उघड्यावरची वस्तू वाकते, तुटते, पोरं ओढतात, गाडी धुण्याच्या यंत्रात अडकते. म्हणून एकात एक जाणाऱ्या नळ्या आल्या. चाळिशीच्या दशकात काही अमेरिकी गाड्यांत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर-खाली होणारे अँटेना आले, आणि पुढे विजेच्या मोटरवरचे. १९६९ च्या पाँटिअॅक ग्रां प्रीमध्ये अँटेना पुढच्या काचेतच तार होऊन बसला. आज छपरावर शार्क माशाच्या पराएवढा उंचवटा असतो, आणि पुष्कळांना तो शोभेचाच वाटतो.

ही सगळी वाटचाल एकाच दिशेने आहे. दर पिढीने अँटेनाला थोडं अधिक लपवलं, जपण्यासाठी.

* * *

गॅल्व्हिन कंपनीची गोष्ट इथे संपत नाही, आणि आम्हा फौजींसाठी ती पुढेच महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने हातात धरून बोलायचा एससीआर-५३६ आणि पाठीवर वाहायचा एससीआर-३०० हे संच बनवले. 'वॉकी-टॉकी' हे नाव जगाच्या तोंडी बसलं ते या दुसऱ्या संचामुळे. तो एफएमवर चालत असे. एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँग. १९३३ मध्ये त्याला या पद्धतीची पेटंट मिळाली, आणि युद्धकाळात त्याने ती आपल्या सैन्याला मोबदला न घेता वापरू दिली. ठिणगीची खरखर लहरीच्या उंचीवर परिणाम करते. एफएममध्ये संदेश असतो तो लहरीच्या कंपनसंख्येतल्या बदलात, त्यामुळे ही खरखर बरीचशी गाळली जाते. रणगाड्यात आणि जीपमध्ये बसून बोलणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

आपल्याकडच्या आधीच्या पिढीने ज्या एएन-पीआरसी-२५ संचाबरोबर आयुष्य काढलं, तोही एफएमचाच, ३० ते ७६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. कर्नलसाहेबांनी १९७१ मध्ये पश्चिम सीमेवर तरुण लेफ्टनंट म्हणून हेच काम केलं. त्या लढाईच्या गोष्टी ते सांगत नाहीत. बॅटऱ्यांच्या आणि अँटेनाच्या मात्र तासभर सांगतात.

चांगल्या अँटेनाची लांबी साधारण लहरीच्या पाव भागाइतकी असते. ५० मेगाहर्ट्झवर लहर सहा मीटरची, म्हणून फौजी जीपवरची दांडी दीड मीटर. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या एफएम स्टेशनांच्या पट्ट्यात, लहर तीन मीटरची आणि पाव भाग ७५ सेंटिमीटर. गाडीचा अँटेना साधारण तेवढाच का असतो, याचं उत्तर इथे आहे. मध्यम लहरींचं गणित वेगळं. १००० किलोहर्ट्झला लहर ३०० मीटरची. तिचा पाव भाग गाडीवर कोणी लावू शकत नाही. तिथे ही दांडी नुसती चिमूटभर सिग्नल वेचते, आणि म्हणून वाटेत जराही गळती झाली की हातात काही उरत नाही.

एफएमशी चेन्नईचं नातं जुनं आहे. देशातलं पहिलं एफएम प्रसारण झालं ते इथेच, २३ जुलै १९७७ रोजी. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढून प्रसारण सुरू केलं होतं. मुंबईचा रेडिओ क्लब त्याच्या आदल्या वर्षीचा. मद्रासचा क्लब पैशाअभावी तीन वर्षांत बंद पडला, मग १९३० पासून शहराच्या महापालिकेने प्रसारण चालवलं, आणि १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचं केंद्र आलं. साहेबांच्या वडिलांकडे पोस्टातून काढलेलं रेडिओ परवान्याचं पुस्तक होतं. ते साहेबांनी जपून ठेवलं आहे. दरवर्षी पैसे भरायचे, पोस्टात शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती पद्धत गेली, तोवर घरात रेडिओ ठेवायला सरकारची परवानगी लागायची, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही.

* * *

पहिल्या रविवारी अँटेना खोलला. खोलला म्हणतो, पण वरचं नट हलायलाच तयार नव्हतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सोमवारी ऑफिसनंतर पुन्हा गेलो. साहेब टॉर्च धरून उभे. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, खुर्ची दिली तर बसत नाही.

अँटेना बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर तीन रंग होते. वरचं नट जस्ताच्या ओतीव धातूचं, त्यावर पांढरी भुकटी. नळ्या पितळेच्या, मुलामा उडालेल्या ठिकाणी हिरवा थर. खालचं नळकांडं लोखंडी, तांबूस पापुद्रे सुटत होते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की एक लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यातला दुबळा धातू स्वतः झिजतो. इथे तीन धातू होते, आणि बंगालचा उपसागर अर्ध्या किलोमीटरवर.

पण खरा गुन्हेगार वेगळाच निघाला. पॉवर अँटेनाच्या नळकांड्यात पावसाचं पाणी जाणारच, हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून तळाशी एक बारीक छिद्र आणि रबरी नळी असते, पाणी खाली निघून जायला. ती नळी माती आणि कुजलेल्या पानांनी गच्च बसली होती. पाणी वरून येत राहिलं आणि साचत साचत मोटरच्या डबीपर्यंत चढलं. मोटर वीस रुपयांच्या नळीपायी बुडाली होती.

दांडी वापरात असती तर हे झालं नसतं का? अगदीच झालं नसतं असं नाही, पण एवढं नक्की नाही. वर-खाली होणारी नळी स्वतःला पुसत राहते. धातूवर धातू घासतो, थर धरत नाही, बिघाड होऊ लागला की आवाज बदलतो आणि मालकाच्या कानावर पडतो. इथे इंजिन दर रविवारी चाललं, दांडी मात्र वर्षानुवर्षं आत बसून राहिली. तिला जपण्यासाठीच आत घेण्याची सोय केली होती, आणि त्याच विहिरीत ती सडली.

मीटर लावला. दांडी आणि तिच्या बाहेरच्या आवरणात काहीच वाहायला नको, तिथे काही हजार ओहमचाच रोध दिसला. ओलसर गंजाने इन्सुलेटरवरून वाट काढली होती. मध्यम लहरींचा चिमूटभर सिग्नल तिथूनच जमिनीत जात होता. उलट आवरण आणि गाडीचं अंग यांच्यात रोध जवळपास शून्य हवा, तिथे चाळीस ओहम. मडगार्डचा पत्रा हा अँटेनाचा निम्मा भाग असतो, आरशासारखा. तो जोडलेला नसेल तर दांडी कितीही चकचकीत असली तरी अर्धीच. पुराच्या रात्रीची खरखर का होती, ते आता कळलं.

मग कामाला लागलो. मोटरच्या डबीतून पाणी काढलं, कार्बन घासून सारखे केले, कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. दांडी पूर्ण वर किंवा खाली गेली की मोटर थांबवणारे दोन छोटे स्विच असतात. त्यांचे संपर्क काळे पडले होते, ते साफ केले. दांडीला ढकलणारी दातेरी नायलॉनची दोरी मधेच तुटलेली होती आणि तिचा तुकडा गुंडाळीत अडकला होता. तो चिमट्याने काढला. नेहमी याच तुकड्याकडे दुर्लक्ष होतं. नवी दांडी बसवतात आणि आठवड्यात ती अडकते.

पितळेच्या भागावरचा हिरवा थर काढायला मी बाजारातलं रसायन आणणार होतो. साहेबांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अम्मांनी ते ऐकलं आणि समई घासायची चिंच आणून दिली. वर पाणी, मग चिमूटभर खाण्याचा सोडा म्हणजे आंबटपणा राहायला नको, मग उन्हात वाळवण. काम चोख झालं. लोखंडी नळकांड्याला तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइड.

दांडी आणि दोरीचा जोड मात्र नवाच लागणार होता. रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक्सची शेकडो दुकानं आहेत, तिथे मोटरसाठी रिले मिळाला, दांडी मिळाली नाही. ती मिळाली पुदुपेट्टईत, जिथे मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग डोंगरासारखे रचलेले असतात. दुकानदाराने पोत्यातून कोऱ्या पाकिटातली दांडी काढली, कोणत्या तरी जपानी गाडीची. दोरी लांब होती, ती मापाने कापता येते.

बसवण्याची रीत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. वरचं नट काढलेलं. आत एकाने रेडिओ चालू करायचा, म्हणजे मोटर 'वर' फिरते. मग बाहेरच्याने दोरी दात्यांची बाजू गिअरकडे धरून आत सोडायची आणि रेडिओ बंद करायला सांगायचं. मोटर उलटी फिरते आणि दोरी ओढून घेते. पकडली की हाताला कळतं, पतंगाच्या मांज्याला ओढ बसावी तसं.

त्याआधी मडगार्डच्या खालच्या बाजूचा रंग रुपयाएवढा खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वायसर घातला, नट आवळलं आणि वरून ग्रीस. मीटर अर्ध्या ओहमच्या खाली आला. पाण्याची नळी नवी, आणि जुनं छिद्र सायकलच्या स्पोकने साफ. वरच्या नटाखालची रबरी चकती सायकलच्या ट्यूबमधून कापली. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही चूक सगळे करतात: दांडीला तेल किंवा ग्रीस लावू नका. धूळ चिकटते आणि नळ्या अडकतात. टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापडाने पुसायची, मग कोरड्या कापडाने, बस्स.

* * *

शेवटच्या रविवारी नट आवळून झालं तेव्हा साहेबांनी वही पुढे केली. पानावर त्यांनी नवा रकाना आखला होता: 'रेडिओ, अँटेना'. त्यात माझी सही हवी होती.

मी पेन उचललं आणि थांबलो. का थांबलो, ते त्यांना सांगितलं. आज तुम्हालाही सांगतो.

२००४ चा आसामचा पूर. मी तरुण कॅप्टन, तुकडी मदतकार्यावर. तीन होड्या पाण्यात, प्रत्येकीत एक संच, आणि बांधावर आमची जीप. सगळ्यांचं बोलणं या जीपमार्फत. दुपारी उशिरा एका होडीला एका शाळेच्या छपरावर माणसं दिसली. तिला दुसरी, मोठी होडी हवी होती. तिने हाक मारली, आम्हाला तुटक ऐकू आली, आमचं उत्तर तिच्यापर्यंत पोहोचेना. संच बदलला, बॅटरी बदलली. शेवटी जवान बांधावरून धावत पाठवावा लागला. निरोप पोहोचेपर्यंत अंधार पडला आणि प्रवाहात होडी नेणं शक्य राहिलं नाही. अकरा माणसांनी ती रात्र छपरावर काढली, त्यांत दोन लहान मुलं. सकाळी सगळे सुखरूप उतरवले. पाणी आणखी हातभर चढलं असतं तर हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

रात्री हवालदार उस्तादांनी जीपच्या अँटेनाचं बूड उघडलं. आतली जोडणी हिरवी पडली होती. दोन मिनिटांत घासून साफ झाली. जीपच्या देखभालीच्या वहीत दर आठवड्याला 'अँटेना तपासला, ठीक' अशी नोंद होती. कमांडिंग ऑफिसरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी पान माझ्यासमोर उलटलं आणि एवढंच विचारलं, "ही सही कोणाची?"

सगळ्या सह्या माझ्या होत्या. वह्या संध्याकाळी टेबलावर यायच्या आणि मी त्या टेबलावरच तपासायचो. दांडी बाहेरून सरळ उभी दिसत होती, आणि मी तेवढंच पाहिलं होतं, तेही खिडकीतून.

कर्नलसाहेबांनी ऐकून घेतलं. सांत्वनाचं काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटली, गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसले. मला म्हणाले, "बाहेर उभा राहा. बघ. मग सही कर."

रेडिओ लावला. घर्र. पहिली नळी आली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी, आणि दांडी पूर्ण उभी राहून मोटर आपोआप थांबली. त्यांनी बंद केला. दांडी खाली. पुन्हा चालू. असं पाच वेळा. दर वेळी ते आतून विचारत, "पूर्ण?" आणि मी म्हणे, "पूर्ण, सर." सहाव्या वेळी त्यांनी रेडिओ चालूच ठेवला आणि सुई हलवत नेली. १०१.४ वर आकाशवाणीची निवेदिका तमिळमध्ये बोलू लागली. काय ते मला समजलं नाही. साहेबांनी भाषांतर केलं: दक्षिण किनाऱ्यावर दोन दिवसांत पावसाचा अंदाज, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

मग मध्यम लहरींवर गेले. आवाज जरा जाड, पण स्वच्छ. ते बराच वेळ शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून ऐकत बसले. मी नळीतून पाणी नीट पडतं का ते बघायला मडगार्डवर तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघत राहिलो. पडत होतं.

सही मी त्यानंतर केली.

आता दर रविवारी सकाळी मला त्यांचा दोन शब्दांचा मेसेज येतो: 'वर. पूर्ण.' परवाच्या रविवारी साडेदहापर्यंत आला नाही, तर मी फोन केला. साहेब झोपले होते, अंगात कणकण होती. संध्याकाळी मेसेज आला.

निवृत्त वाचकांपैकी कोणाच्या शेडमध्ये अशी जुनी गाडी असेल तर हा लेख वाचून झाल्यावर एकदा रेडिओ लावून बघा, आणि खाली वाकून पाण्याची नळीही बघा. आणि ज्या मित्राचा बरेच दिवस आवाज ऐकला नाही, त्यालाही एक हाक द्या.

जय हिंद.